मॉडिफाइड पोलोला सेमी स्लिक टायर: निवडण्यापासून ट्रॅकवर टेस्ट करेपर्यंत

रिमॅप मारून झाला (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवली), इंजिनला हवा जास्त देणारा इनटेक लागला, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग बसल्या, आणि आता दुसऱ्या गिअरलाही पुढची चाकं जागेवर फिरतायत. इथं आलं की बहुतेकांना टायर आठवतो, मग कुणीतरी सांगतं सेमी स्लिक टाक, काम होईल. काम होतं, पण टायर नीट निवडला, नीट बसवला आणि त्याचं प्रेशर स्वतः शोधून काढलं तरच. नाहीतर एवढे पैसे घालून गाडी आधीपेक्षा वाईट चालते आणि माणूस टायर कंपनीला शिव्या देत बसतो. लोक कुठला ब्रँड भारी यावर जेवढा वेळ भांडतात त्याच्या निम्मा वेळ जरी प्रेशर गेज हातात घेऊन घालवला ना, तरी लॅप टाइम (ट्रॅकच्या एका फेरीची वेळ) खाली येतो, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

माझी गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, १.२ वाली, म्हणून उदाहरणं तिचीच देतोय. तुमच्याकडे स्विफ्ट असू दे नाहीतर ऑक्टेव्हिया, पद्धत हीच, आकडे तेवढे तुमच्या गाडीचे घ्या.

१. आधी गाडी कुठं किती चालते ते कागदावर लिहा

सेमी स्लिक म्हणजे रस्त्यावर चालेल एवढ्या खाचा असलेला पण आतून ट्रॅकच्या टायरसारखा टायर. कंपाउंड (रबराचं मिश्रण) मऊ, साइडवॉल (टायरची बाजू) कडक, खाचा कमी आणि उथळ, खांद्याकडचे ब्लॉक मोठे. कोरड्या गरम डांबरावर हा टायर जी पकड देतो ती साध्या टायरला जमतच नाही. त्याच कारणामुळे तो पावसात कमकुवत, आवाज जास्त, खड्ड्यात पाठ मोडतो आणि झिजतो भराभर.

आता खरं खरं लिहा. गाडी रोज हिंजवडीला जाते का? पावसाळ्यात घरची मंडळी तीच वापरतात का? ट्रॅकवर वर्षातून कितीदा जाणं होतं? चाकांचा एकच सेट असेल आणि गाडी बहुतेक रस्त्यावरच पळत असेल तर सेमी स्लिक घेऊच नका, मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ सारखा चांगला परफॉर्मन्स रोड टायर घ्या आणि उरलेल्या पैशात ब्रेक पॅड बदला, तुमची गाडी सगळीकडे जास्त फास्ट आणि जास्त सेफ होईल. सेमी स्लिक शोभतो तो दुसऱ्या रिमच्या सेटवर. जुने कंपनीचे अलॉय सेकंडहँड मिळतात, त्यावर ट्रॅकचे टायर चढवा, रोजचे टायर रोजच्या रिमवर राहू द्या. हे मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं सांगतो आणि निम्म्या लोकांना ते आवडत नाही.

अजून एक, टायरची पकड वाढली की बाकीच्या पार्टवर लोड येतो. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर आधी ते बदला, कारण ते हवेतलं पाणी शोषतं, उकळण्याचं तापमान खाली येतं आणि नव्या टायरवर उशिरा ब्रेक मारायची सवय लागली की नेमकं तेव्हाच पेडल खाली जातं. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग हेही एकदा रॅम्पवर गाडी चढवून बघून घ्या.

२. साइज ठरवा, आणि इथं घाई नको

१.२ टीएसआयला सुरुवातीला १८५/६० आर १५ यायचे. त्याचा पूर्ण व्यास निघतो ६०३ मिलिमीटर. हिशोब सोपा आहे, रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात साइडवॉलची उंची दोनदा मिळवा, आणि साइडवॉलची उंची म्हणजे रुंदीचे तेवढे टक्के. १८५ चे ६० टक्के १११, दोनदा २२२, अधिक ३८१.

आता पर्याय बघा:

- १९५/५५ आर १५ : ५९५.५ मिमी, म्हणजे साधारण सव्वा टक्का लहान
- २०५/५० आर १५ : ५८६ मिमी, पावणेतीन टक्के लहान
- १९५/५० आर १५ : ५७६ मिमी, साडेचार टक्के लहान
- २०५/४५ आर १६ : जवळपास ५९१ मिमी, दोन टक्के लहान
- २१५/४५ आर १६ : जवळपास ६०० मिमी, फरक अर्धा टक्का

१९५/५० आर १५ ही जगभरातल्या ट्रॅकवाल्यांची आवडती साइज आहे कारण माझदा मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारला तीच बसते, त्यामुळे सेमी स्लिकमध्ये या साइजला सगळ्यात जास्त मॉडेल मिळतात. पोलोला लावली की गिअरिंग आखूड होतं, गाडी बाहेर पटकन निघते, पण स्पीडोमीटर जास्त दाखवतो आणि आधीच लोअर केलेली गाडी अजून सव्वा सेंटिमीटर खाली बसते, म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर रोज आठवण करून देणार. ट्रॅकसेट म्हणून चालेल, रोजसाठी मी नाही म्हणेन.

रुंदीचा मोह आवरा. २१५ चा टायर ६ इंची रिमवर दाबून बसवला तर साइडवॉल आत खेचला जातो, वळणात टायर रिमवर डुलतो आणि स्टीअरिंगला उत्तर उशिरा मिळतं. २१५/४५ आर १६ ला निदान ७ इंची रिम पाहिजे. १९५/५० आर १५ ला ६ इंची छान बसते. बरोबर रुंदीच्या रिमवर १९५ चा टायर, चुकीच्या रिमवरच्या २१५ ला वळणात मागे टाकतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते लोड इंडेक्सकडे, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो ते सांगणाऱ्या आकड्याकडे. कंपनीचा टायर ८४ असेल तर तो ५०० किलो पेलतो, ८२ म्हणजे ४७५, ८६ म्हणजे ५३०. साइज लहान घेतली की लोड इंडेक्स नकळत खाली जातो. एक्स्ट्रा लोड, म्हणजे एक्सएल लिहिलेलं व्हर्जन मिळत असेल तर ते घ्या, आणि कंपनीच्या इंडेक्सच्या खाली जाऊ नका.

कागदाची बाजू: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या माहितीशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. कंपनीनं तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या एखाद्या व्हेरियंटला दिलेली साइज रस्त्यावर वापरली तर सहसा वाद होत नाही. बाकीचे प्रयोग ट्रॅकसेटवर करा.

३. साइडवॉल वाचायला शिका

दुकानात टायर समोर आला की ब्रँडचं नाव सोडून बाकी सगळं वाचा.

तारीख: डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून दुकानदाराला टायर फिरवायला सांगा. सेमी स्लिकचं रबर पडून पडूनही कडक होतं, त्यामुळे साध्या टायरला चालेल असं वय इथं चालत नाही. मी वर्षाच्या आतला बघतो, दीड वर्षापर्यंत किंमत पाडून घेतो, त्यापुढे सोडून देतो. चारही टायरचे आकडे बघा हां, एका दुकानात मला तीन ताजे आणि चौथा दोन वर्षं जुना असा सेट पुढे केला होता.

ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल याचा साइडवॉलवर छापलेला आकडा: हा आकडा जेवढा कमी तेवढा टायर मऊ, असं मोघम समजा. नेहमीचे रोड टायर ३०० ते ५०० मध्ये असतात. योकोहामा अॅडव्हान ए०५२ वर २०० लिहिलेलं असतं, टोयो आर८८८आर वर १००, नानकांग एआर-१ वर ८०. पण हा आकडा टायर बनवणारी कंपनीच स्वतः देते, त्यामुळे दोन कंपन्यांचे २०० एकसारखे नसतात. ए०५२ चे २०० आणि दुसऱ्या कुणाचे २०० यात ट्रॅकवर प्रचंड फरक पडतो.

आयएसआय मार्क: भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएस १५६३३ चा मार्क असावा लागतो. रस्त्यावर वापरणार असाल तर हा मार्क बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, अॅक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर पहिला टायरकडे बघतो.

दिशा: बाण असेल तर टायर एकाच दिशेला फिरला पाहिजे, आउटसाइड लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर. बसवून झाल्यावर चारही चाकांभोवती स्वतः फिरून बघा, घाईच्या दुकानात एखादं उलटं बसतंच.

४. कुठला घ्यायचा

जून २०२० पासून टायरची आयात सरकारनं निर्बंधित यादीत टाकली आहे, त्यामुळे परदेशात सहज मिळणारी साइज आपल्याकडे कधी असते, कधी महिनोन्महिने नसते. म्हणून एकच मॉडेल डोक्यात धरून बसू नका, दोन-तीन पर्याय ठेवा. माझं मत असं:

ए०५२ पटकन गरम होतो, पहिल्या-दुसऱ्या लॅपलाच पूर्ण पकड देतो, पण सलग जास्त लॅप मारले की तापून मऊ पडतो आणि गाडी घसरायला लागते. आपल्या उन्हात हे लवकर होतं. एक-दोन लॅप जीव तोडून मारायचे, मग थंड करायचं, अशी सवय असेल किंवा ऑटोक्रॉस (छोट्या आखलेल्या मार्गावर एकेका गाडीनं वेळ लावून धावणं) करत असाल तर हाच.

एआर-१ ला तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की बराच वेळ टिकून राहतो. पैशाच्या मानानं मला हा ट्रॅकसेटसाठी सगळ्यात पटतो. रस्त्यावर मात्र त्याचा घूंऽऽ असा आवाज येतो, शेजारी बसलेला माणूस विचारतोच की बेअरिंग गेलंय का.

आर८८८आर ला उष्णता आणि भरपूर कॅम्बर (समोरून बघताना चाक किती झुकलंय तो कोन) दोन्ही पाहिजे. साइडवॉल खूप कडक. कंपनीच्या कॅम्बरवर लावला तर बाहेरचा खांदा खाऊन टाकतो आणि मग लोक म्हणतात टायर टिकत नाही. सस्पेन्शन तयार असेल तरच याच्या वाटेला जा.

हॅनकूक व्हेंटस आर-एस४ हा पकडीला यांच्या थोडा मागे पण लांब सेशनला दमदार, नवीन माणसानं शिकायला उत्तम. तो चुकीला माफ करतो, पकड सुटायच्या आधी आवाज करून सांगतो. पहिलाच सेमी स्लिकच्या जवळचा टायर घेत असाल तर मी यालाच हो म्हणेन.

सेकंडहँड सेट स्वस्तात दिसतात, त्याबद्दल सावध राहा. खाचा भरपूर दिसतात म्हणून लोक फसतात. सेमी स्लिक प्रत्येकदा तापून थंड झाला की थोडा कडक होतो, खाचा शिल्लक असल्या तरी पकड गेलेली असू शकते. नखानं दाबून बघा, ताज्या रबरात नख रुततं आणि खूण हळूहळू जाते. ड्युरोमीटर नावाचं रबराचा कडकपणा मोजणारं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, ते सोबत नेलं तर अजून चांगलं, ताजा सेमी स्लिक सावलीत साधारण साठच्या आसपास दाखवतो, सत्तरच्या वर गेला असेल तर हात जोडून परत या.

५. जवळ काय काय लागेल

कागद:
- टायरचं जीएसटी बिल, त्यावर चारही टायरचे सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटी क्लेमला हेच लागतं
- लायसन्स, आरसी, पीयूसी, इन्शुरन्स, ट्रॅकपर्यंत जायला
- ट्रॅक डेचा इंडेम्निटी फॉर्म (काही झालं तर जबाबदारी तुमची असं लिहून देणारा), सही करायच्या आधी वाचून

इन्शुरन्सबद्दल स्पष्ट सांगतो. आपल्याकडच्या कार पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, त्यात रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग कव्हरबाहेर असतं. ट्रॅकवर जे होईल ते तुमच्या खिशातून, हे गृहीत धरूनच जा.

सामान:
- स्वतःचा चांगला प्रेशर गेज, सगळ्यात आधी हा घ्या. पेट्रोल पंपावरचा आणि पंक्चरवाल्याचा गेज एकमेकांशी जुळत नाहीत. तुमचा चुकत असला तरी रोज सारखाच चुकेल, तेवढं पुरतं
- १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर
- टायरचं तापमान बघायला पायरोमीटर, शक्यतो सुई टोचून मोजणारा
- टॉर्क रेंच, जॅक, स्टँड
- पांढरं शू पॉलिश किंवा खडू
- वही आणि पेन. मोबाइलमध्ये लिहीन म्हणता आणि पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवायच्या जागी) घामेजलेल्या हातानं काहीच लिहिलं जात नाही
- लॅप टाइमसाठी रेसक्रोनोसारखं अॅप, जमलं तर वेगळा जीपीएस रिसीव्हर. मोबाइलचा जीपीएस हळू अपडेट होतो, दोन टायरमधला बारीक फरक त्यात दिसत नाही
- हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा कॉटन शर्ट, पातळ सोलचे बूट

६. बसवताना

फोक्सवॅगनवाल्यांनो, हे नीट वाचा. कंपनीच्या रिमचे बोल्ट गोल बुडाचे असतात आणि बाजारातल्या बहुतेक अलॉयला कोन बुडाचे लागतात. चुकीचा बोल्ट लावला तर तो घट्ट लागल्यासारखा वाटतो पण टेकतो फक्त एका कडेवर, आणि तापून-थंड होऊन सुटतो. ट्रॅकसेटचे रिम वेगळे असतील तर बोल्टही वेगळे ठेवा, डब्यावर नाव लिहून.

हब रिंगही तशीच. पोलोचं हब (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) ५७.१ मिलिमीटरचं, बाजारच्या रिमचं भोक त्याहून मोठं, मधली फट भरायला रिंग लागते. प्लास्टिकची रिंग ट्रॅकवर ब्रेकच्या उष्णतेनं वितळून हबला चिकटते, अॅल्युमिनियमचीच घ्या.

बोल्ट १२० न्यूटन मीटरला कसा, चांदणीच्या क्रमानं. दुकानातला माणूस इम्पॅक्ट गन मारून मोकळा होतो, त्याला थांबवा आणि शेवटचा फेरा स्वतःच्या टॉर्क रेंचनं मारा. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून थंड झाल्यावर परत तपासा.

अलाइनमेंट टायर बसवल्यावर करा, आधी नाही. पोलोला पुढं मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचं सस्पेन्शन असल्यामुळे कंपनीच्या सेटिंगमध्ये निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) अगदी थोडा असतो. कॅम्बर बोल्ट किंवा टॉप माउंट लावून उणे २ अंशाच्या आसपास आणलात तरी टायर वेगळाच वाटेल. टो (वरून बघताना चाकांचा पुढचा भाग आत-बाहेर किती वळलाय ते) मात्र शून्याजवळ ठेवा, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर टो चुकलेला मऊ टायर आतून बघता बघता झिजतो. बसवून झाल्यावर स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, मागं दोन जाडे मित्र बसवून एखाद्या स्पीडब्रेकरवरून हळू न्या, फेंडर लायनरला (चाकाच्या वरच्या प्लास्टिकच्या आवरणाला) कुठं घासतंय का कान देऊन ऐका.

७. पहिल्यांदा तापवणं

नवीन टायरवर साच्यातून काढताना लागलेला गुळगुळीत थर असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर पकड कमीच वाटेल. त्या काळात ब्रेक आणि वळण दोन्ही जपून.

मग ट्रॅकवरचं पहिलं सेशन हळू सुरू करा, एक-एक लॅप वेग वाढवत न्या, शेवटी एखादा लॅप जोरात मारून बाहेर या, आणि त्यानंतर टायरला पूर्ण थंड होऊ द्या. जमत असेल तर त्या दिवशी परत वापरूच नका, निदान एक दिवस पडू द्या. रबराची आतली वीण एकसारखी होते आणि टायर जास्त दिवस सारखा वागतो. बाहेरगावच्या ट्रॅकवर एकाच दिवसासाठी गेलात तर एवढी चैन परवडत नाही, ते समजू शकतो, पण निदान पहिल्या सेशननंतर लांब ब्रेक घ्या.

८. टेस्ट कुठं करायची

ताम्हिणीत नाही, लवासाच्या रस्त्यावर नाही, पहाटेच्या रिकाम्या एक्स्प्रेसवेवरही नाही. त्या रस्त्यांवर सायकलवाले असतात, बाइकवर बायको-पोर घेऊन निघालेली माणसं असतात, वळणापलीकडं म्हैस उभी असते. शिवाय तिथं टायरची हद्द कळतच नाही, कळली तर उशीर झालेला असतो.

पुण्याजवळ मावळात नानोली स्पीडवे आहे. कोईमतूरला चेट्टीपाळ्यमचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, उत्तरेत ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट. नवीन माणसाला करी सगळ्यात बरा, ट्रॅक छोटा आहे, एकच वळण पुन्हा पुन्हा मिळतं, टेस्टला तेच पाहिजे असतं.

लांबच्या ट्रॅकला जाताना सेमी स्लिक गाडीला लावून जाऊ नका. मागच्या सीट पाडल्या की पोलोत चार चाकं मावतात, ती नीट पट्ट्यांनी बांधून न्या. समृद्धी असो की बेंगळुरू हायवे, तासन्‌तास एका वेगानं सरळ पळवलं की टायरचा फक्त मधला भाग सपाट होतो आणि ट्रॅकवर पोचेपर्यंत निम्मी मजा संपते.

९. टेस्ट कशी करायची

आधी जुने टायर लावून वेळ घ्या. तुलना करायला काहीच नसेल तर नवीन टायर भारी वाटला या वाक्याला अर्थ नाही. मग नवे लावा, आणि शेवटी शक्य असेल तर परत जुने लावून दोन-चार लॅप मारा, कारण दिवस चढतो तसा ट्रॅकही बदलतो आणि तुमचा हातही बसतो, तो फरक टायरच्या नावावर जमा होता कामा नये. पेट्रोल साधारण सारखं ठेवा, ड्रायव्हर एकच, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रेशर आणि डॅम्पर (शॉक अॅब्सॉर्बर) दोन्ही फिरवले तर काय लागू पडलं ते देवालाच ठाऊक.

प्रेशरची सुरुवात: पोलोसारख्या अकराशे किलोच्या आसपासच्या गाडीला थंड असताना पुढं २७, मागं २६ पीएसआयनं सुरू करा. आपल्याला पाहिजे ते गरम प्रेशर, साधारण ३२ ते ३४. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की प्रेशर जवळजवळ १ पीएसआय वाढतं, म्हणून थंडीत सकाळी १२ अंशाला भरलेली हवा दुपारी ३० अंशाला न चालवताही तीनेक पीएसआय जास्त दाखवते. सकाळी पिटमध्ये गाडी उभी असताना ज्या बाजूला ऊन पडतं त्या बाजूचे टायरही जास्त दाखवतात. भरायच्या आधी चारही चाकं सावलीत घ्या.

खांद्यावर पॉलिशचा पट्टा: खाचांच्या कडेपासून साइडवॉलवर दोन बोटं खाली येईल असा उभा पांढरा पट्टा प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी ओढा. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो, त्याच्या शेजारी ओढला तर वाचायला सोपं. तीन लॅप जोरात मारून आलात की बघा. पट्टा त्रिकोणाच्या टोकाजवळ पुसला गेला असेल तर प्रेशर जागेवर आहे. त्रिकोण ओलांडून साइडवॉलवरचा पांढरा रंगही गेला असेल तर टायर दुमडतोय, हवा वाढवा. त्रिकोणाच्या बऱ्याच वरपर्यंत पांढरं तसंच असेल तर हवा जास्त आहे, काढा. दहा रुपयांच्या पॉलिशमध्ये एवढी माहिती मिळते.

पिटमध्ये आल्यावर: कूलडाउन लॅप (जोर संपल्यावर गाडी थंड करायची शेवटची फेरी) फार हळू मारू नका, नाहीतर मोजायला उष्णता उरत नाही. थांबलात की हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले पॅड डिस्कला किंवा पोलोसारखे मागं ड्रम असतील तर शू ड्रमला चिकटतात, गिअरमध्ये ठेवा किंवा डीएसजी (फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर चाकाखाली लाकूड. लगेच मित्राला वही घेऊन बसवा आणि तुम्ही सगळ्यात जास्त मार खाणाऱ्या टायरपासून सुरू करा. ट्रॅक घड्याळाच्या दिशेनं असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणजे तो डावा पुढचा. तापमान आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी, मग प्रेशर. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरचा थर वाचतो आणि तो सेकंदासेकंदाला थंड होतो, सुईवाला आतलं खरं सांगतो.

वहीत हे असं दिसतं: डावा पुढचा, आत ७९, मध्ये ८४, बाहेर ९६, गरम प्रेशर ३३. याचा अर्थ काय? प्रेशर ठीक आहे, कारण मधला आकडा आत-बाहेरच्या सरासरीच्या जवळ आहे. पण बाहेरची कड आतल्यापेक्षा १७ अंश जास्त, म्हणजे कॅम्बर कमी पडतोय. इथं हवा वाढवून थोडं झाकता येतं पण खरा उपाय कॅम्बर. पुढं दिलेलं लक्षात ठेवा:

- मध्ये दोन्हीकडांपेक्षा जास्त: हवा जास्त
- मध्ये दोन्हीकडांपेक्षा कमी: हवा कमी
- बाहेर आतपेक्षा जास्त: कॅम्बर कमी
- आत बाहेरपेक्षा पाच-सात अंश जास्त: छान, सोडून द्या
- सगळीकडे ६० च्या आसपासच: टायर तापतच नाहीये, तुम्ही हळू आहात किंवा हा टायर तुमच्या हलक्या गाडीला फार कडक आहे
- सगळीकडे १०० च्या वर आणि गाडी घसरतेय: थांबा, थंड होऊ द्या

हवा बदलताना एका वेळी १ पीएसआय, आणि गरम असताना काढलेली हवा वहीत लिहा, नाहीतर घरी येताना २२ पीएसआयवर हायवेला लागाल. परतीच्या आधी प्रेशर रस्त्याचं करणं हे न चुकता. कमी हवेवर लांबचा हायवे म्हणजे टायर फुटायला आमंत्रण.

टायरचा पृष्ठभागही बघा. बारीक दाणेदार, एकसारखा मॅट दिसला तर उत्तम. रबराचे रोल जमलेत तर थंड टायरवर जास्त घासलंय. छोटे फोड किंवा खड्डे दिसले तर आतून जास्त तापलाय, त्या सेटवर त्या दिवशी अजून जोर नको.

लॅप टाइम बघताना एकच सगळ्यात फास्ट लॅप धरू नका, सलग तीन लॅप किती सारखे येतात ते बघा. आणि टायरनं ब्रेकिंगला काय दिलं ते बघायचं तर ट्रॅकच्या कडेच्या अंतर दाखवणाऱ्या एकाच बोर्डाला ब्रेक मारून गाडी वळणाच्या किती आधी पाहिजे त्या वेगाला येते ते बघा, मग ब्रेक पॉइंट पाच-पाच मीटरनं पुढं न्या. एकदम वीस मीटर पुढं नेणारे मी वाळूत गेलेले बघितलेत.

१०. पावसाळा आणि ठेवणं

मृग लागायच्या आधी सेमी स्लिक उतरवा आणि दिवाळीच्या सुमाराला परत चढवा. साचलेल्या पाण्यात या टायरच्या उथळ खाचा पाणी बाहेर टाकू शकत नाहीत, टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टीअरिंग एकदम हलकं होतं. कायद्यानं कारला १.६ मिलिमीटर खोली चालते, पण अर्ध्या झिजलेल्या सेमी स्लिकवर खंडाळ्याच्या पावसात मी स्वतःही जाणार नाही आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही.

ठेवताना टायर धुवून, पूर्ण वाळवून, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. गच्चीवर उन्हात नको, आणि इन्व्हर्टर किंवा पाण्याच्या मोटरच्या शेजारीही नको, मोटरमधून निघणारा ओझोन रबराला बारीक भेगा पाडतो. रिमवर असतील तर हवा थोडी कमी करून आडवे एकावर एक, नुसते टायर असतील तर उभे, आणि महिन्यातून एकदा फिरवून ठेवा. टायर पॉलिश लावू नका. पिशवीवर चिठ्ठी चिकटवा, कुठलं चाक कुठल्या कोपऱ्याचं आणि शेवटचं गरम प्रेशर किती होतं, म्हणजे ऑक्टोबरात परत शून्यापासून सुरू करावं लागत नाही.